बाल्कनीतले पक्षी, त्यांचे फोटो आणि त्यांच्यावरच्या म्हणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी मी ओळखीच्यांना एका पक्ष्याचा फोटो पाठवते आणि त्याखाली त्याच पक्ष्यावरची म्हण किंवा वाक्प्रचार लिहिते. फोटो सगळे ठाणे-नवी मुंबईतले, बरेचसे पोखरण रस्त्यावरच्या माझ्या सहाव्या मजल्याच्या बाल्कनीतले. उलट येणारे प्रश्न दोन जातींचे असतात: फोटो कसा काढला, आणि ही म्हण आली कुठून. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध काय, असंही काहीजण विचारतात. ज्यांनी या म्हणी केल्या त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता, पण नजर होती. फोटोसाठी तासभर एकाच कावळ्याकडे बघत बसलं की म्हण डोळ्यांसमोर घडताना दिसते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यायला नको म्हणून क्रमांक घातलेत.

१. ताई, सुरुवातीला कोणता कॅमेरा घेऊ? मोबाइलवर जमेल का?

पक्षी चार-पाच फुटांवर येत असेल तर मोबाइलवर छान जमतं. जास्वंदावरचा शिंजीर (सनबर्ड), कठड्यावरचा कावळा, पाण्याच्या भांड्यावरचा बुलबुल, एवढ्याला मोबाइल पुरतो. त्यापलीकडे बहुतेक मोबाइलचा झूम चित्र नुसतं ताणतो आणि पिसं विरघळून जातात. घरात दुर्बीण असेल तर तिच्या एका भिंगाला मोबाइलचा कॅमेरा टेकवून बघा. हात स्थिर व्हायला दोन-चार दिवस लागतात, मग समोरच्या झाडावरचा तांबटही पकडता येतो.

कॅमेरा घ्यायचाच असेल तर वापरलेला घ्यायला लाजू नका. जुनी डीएसएलआर आणि ५५-२५० किंवा ७०-३०० मिलिमीटरची लेन्स एवढ्यावर बाल्कनीतलं जवळजवळ सगळं काम होतं. लेन्स बदलायची कटकट नको असेल तर मोठ्या झूमचा ब्रिज कॅमेरा बरा. १५०-६०० ची लेन्स खाडीवर उपयोगी पडते, पण घरातून वापरायला ती जड होते. खरेदीच्या आधी महिनाभर नुसतं बघा. कोण येतं, किती वाजता येतं, कुठे बसतं, हे वहीत लिहून ठेवा.

२. आम्ही घोडबंदर रस्त्याला एकविसाव्या मजल्यावर राहतो. पारव्यांशिवाय इथे कोण येणार?

घार येणार, आणि तुमच्या डोळ्यांच्या रेषेत येणार. जमिनीवरून घारीचं फक्त पोट दिसतं. तुम्हाला तिची पाठ, मान वळवून खाली बघण्याची रीत आणि सुकाणूसारखी वळणारी दुभंगलेली शेपटी दिसेल (प्रश्न १५ बघा). पाकोळ्याही त्याच उंचीवर किडे टिपत फिरतात.

झाडांच्या उंचीवर, म्हणजे पाचव्या-सहाव्या मजल्यापर्यंत, यादी लांबते: साळुंकी, लालबुड्या बुलबुल, शिपाई बुलबुल, दयाळ, शिंपी, तांबट, भारद्वाज, कोकीळ, पोपट, खंड्या. येऊरच्या जंगलाच्या बाजूला घर असेल आणि समोर वड, पिंपळ किंवा उंबर फळला असेल तर राखी धनेश आणि हळद्यासुद्धा.

३. ग्रिलमधून आणि काचेतून फोटो धुरकट येतात. काय करू?

ग्रिलपासून लांब उभं राहू नका. लेन्स गजांच्या अगदी जवळ न्या आणि लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) जितकं मोठं ठेवता येईल तितकं ठेवा. लांबच्या पक्ष्यावर फोकस झाला की जवळचा गज चित्रातून नाहीसा होतो. काच असेल तर आधी ती दोन्ही बाजूंनी पुसा, खोलीतले दिवे बंद करा, लेन्सचा हूड काचेला टेकवा आणि समोरासमोर फोटो घ्या. तिरपा घेतला की प्रतिमा दुहेरी होते.

४. फोटो हललेले येतात. सेटिंग नेमकं काय ठेवायचं?

शटरचा वेग बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद, उडणाऱ्याला १/२०००, आणि फुलासमोर पंख फडफडवणाऱ्या शिंजिरालाही १/२००० किंवा जास्त. आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ऑटोवर सोडा. थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. फोकस सलग चालू राहणाऱ्या प्रकारात आणि कायम डोळ्यावर. पिसं कितीही सुंदर असोत, डोळा धूसर असेल तर फोटो मेलेला वाटतो.

५. कावळ्याचा फोटो म्हणजे काळा डाग आणि बगळ्याचा म्हणजे पांढरा डाग. असं का होतं?

कॅमेऱ्याला काळं-पांढरं कळत नाही. समोरचं सगळं तो मधल्या करड्या मापात बसवू बघतो. कावळ्यामागे ढगाळ पांढरं आकाश असेल तर तो एकूण उजेड कमी करतो आणि कावळा काळाठिक्कर होतो, तिथे एक्स्पोजर (फोटोतला उजेड) +१ करा. बगळा गर्द पाण्यावर उभा असेल तर तो उजेड वाढवतो आणि पांढरं फुटतं, तिथे −१. अपवाद असा की कावळ्यानेच सगळी चौकट भरली असेल तर तो भुरकट येतो, म्हणून तिथे उजेड वाढवायचा नाही, किंचित कमी करायचा. सकाळच्या तिरप्या उन्हात काढून बघा. ज्याला आपण काळा म्हणतो त्या पंखावर जांभळी-निळी झाक असते.

६. कावळ्याला एकच बुबुळ असतं आणि ते दोन्ही डोळ्यांत फिरतं, असं आजी सांगायची. फोटोत तर दोन दिसतात!

दोनच असतात. पण आजी सांगायची ती समजूत फार जुनी आहे. रामायणात सीतेला टोचणाऱ्या कावळ्यावर राम दर्भाची काडी अस्त्र म्हणून सोडतो आणि शेवटी एक डोळा घेऊन त्याला जीवदान देतो. पुढच्या कथांत तो कावळा म्हणजे इंद्राचा मुलगा जयंत. संस्कृतात यावरून एक न्यायच (दृष्टान्तवजा सूत्र) आहे, काकाक्षिगोलकन्याय: वाक्यातला एकच शब्द दोन्हीकडे लागू होतो तेव्हा तो म्हणजे कावळ्याचं बुबुळ.

ही समजूत का रुजली ते कॅमेऱ्यातून कळतं. कावळ्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. एखादी वस्तू नीट न्याहाळायची असली की तो मान तिरकी करून एका डोळ्याने बघतो, मग झटकन मान फिरवून दुसऱ्याने. माझ्याकडे सलग नऊ फोटोंची एक मालिका आहे, पोळीच्या तुकड्यापुढचा कावळा. डावा, उजवा, डावा, उजवा. त्यातल्या दोन फोटोंत एक डोळा दुधाळ पांढरा आहे. पापणीखालचा पातळ पडदा बुबुळावर सरकला नेमक्या त्या क्षणी मी बटण दाबलं होतं. कॅमेऱ्याशिवाय हे बघणाऱ्याला ‘बुबुळ पलीकडे गेलं’ असंच वाटणार.

७. ‘उष्ट्या हाताने कावळा हाकत नाही’ म्हणजे नक्की काय? हात धुऊन हाकतो का?

नाही, मुळात हाकतच नाही! जेवता जेवता हात झटकला तर बोटांना चिकटलेली चार शितं खाली पडतील आणि ती कावळ्याला मिळतील, एवढंही ज्याच्या जिवावर येतं तो हा माणूस. कंजूषपणावर इतकी बारीक म्हण मला दुसरी ठाऊक नाही. ओटीवर, पडवीत, अंगणात बसून हाताने भात खाणाऱ्यांच्या घरातच ती होऊ शकते, कारण कावळा तिथे जेवणाऱ्यापासून हातभर अंतरावर असतो.

एकदा मी बाल्कनीत आमटीभात घेऊन बसले होते. कठड्यावर कावळा आला. मला वाटलं ताटाकडे बघतोय. पण तो ताटाकडे बघतच नव्हता, माझ्या हाताकडे बघत होता. हात तोंडाशी गेला की त्याची मान वर, खाली आला की खाली. कोणत्या क्षणी शीत सांडेल हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. म्हण करणाऱ्याने हेच बघितलं असणार.

‘पोटात कावळे ओरडणे’ त्याच घरातलं. हिंदीवाल्यांच्या पोटात उंदीर धावतात, आपल्या पोटात कावळे ओरडतात, आणि जेवणाच्या वेळी खिडकीशी कोण येऊन ओरडतं ते तुम्ही रोज बघताच.

८. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला’ ही म्हण कुठे वापरायची? माझ्या मुलीला शाळेत चूक दिली.

योगायोगाने दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या आणि पहिलीमुळे दुसरी झाली असं उगाच वाटलं, तर. मूळ संस्कृत काकतालीय न्यायात आहे. तिथे कावळा ताडावर बसतो आणि नेमकं तेव्हाच ताडाचं फळ पडतं. मराठीत फळाच्या जागी फांदी आली. कावळ्याचं वजन साधारण ३०० ग्रॅम. त्याच्या वजनाने फांदी मोडत नसते, ती आधीच मोडायला आलेली असते, हेच म्हणीचं मर्म. एखाद्याच्या वागण्यामुळे खरोखरच नुकसान झालं असेल तर तिथे ही म्हण लागू होत नाही. मुलीने बहुधा तसं वाक्य केलं असेल.

९. कॅमेरा उचलेपर्यंत पक्षी उडून जातो. तुम्हाला कसे सापडतात?

मी पक्ष्याचा पाठलाग करत नाही, जागेचा करते. प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली असते. याचा सगळ्यात चांगला शिक्षक वेडा राघू. हा छोटा हिरवा पक्षी तारेवरून झेपावतो, हवेतली माशी पकडतो आणि परत त्याच तारेवर, जवळपास त्याच वीतभर जागेत येऊन बसतो. हिरवा म्हणून राघू, आणि निघाल्या ठिकाणीच पुन्हा पुन्हा येतो म्हणून वेडा. खारघरला किंवा पामबीच रस्त्याच्या कडेला मोकळ्या जागेवरच्या तारा बघा. तो उडाला की कॅमेरा त्याच्यामागे फिरवू नका, रिकाम्या तारेवर फोकस धरून थांबा. तो चोचीत चतुर घेऊन तुमच्या चौकटीत येईल.

बाल्कनीतही हेच करा. कुंडीत एक वाळकी, खरखरीत काटकी उभी रोवा. पाण्यावर यायच्या आधी बुलबुल तिच्यावर टेकतो. मागची हिरवळ जितकी लांब, तितकी पार्श्वभूमी मऊ.

१०. दाणे टाकू का? पाणी ठेवू का?

पाणी जरूर ठेवा. मातीचं पसरट भांडं, पाणी जेमतेम दोन बोटं. पाणी रोज बदला आणि भांडं घासा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. महापालिकेचे लोक तपासायला येतात ते योग्यच आहे.

धान्य टाकू नका. त्यावर शिंजीर येत नाही, शिंपी येत नाही, येतात ते पारवे, आणि एकदा आले की बाकीच्यांना जागा उरत नाही. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसाचे चिवट आजार होतात. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून एवढा वाद झाला त्याच्या मुळाशी हेच होतं. धान्याऐवजी झाडं लावा. जास्वंद, एक्झोरा आणि सगळ्यांत आधी हॅमेलिया. केशरी नळीसारखी फुलं आली की शिंजीर आपोआप येतो, तुम्हाला काहीच करावं लागत नाही.

११. ‘बगळ्याचं ध्यान’ म्हणजे ढोंग. पण बिचारा बगळा तर नुसता उभा असतो ना?

उभा राहणं हेच त्याचं काम. मासा जवळ येईपर्यंत हलायचं नाही. माणसाला ते तपश्चर्येसारखं दिसलं आणि पुढचा चोचीचा फटका बघून ढोंगासारखं वाटलं. पंचतंत्रातला म्हातारा बगळा माशांना दुसऱ्या तळ्यात सोडतो असं सांगून एकेकाला खात सुटतो, शेवटी खेकडा त्याचा गळा धरतो. बकध्यान हा शब्द अशा कथांमधूनच रुळला.

ठाण्यात तलावांची कमी नाही. कुठल्याही काठावर ढोकरी बघा. मातकट रेघांची, पाठीला पोक काढलेली, शेवाळलेल्या दगडासारखी. दहा फुटांवर असून दिसत नाही. उडाली की एकदम पांढरे स्वच्छ पंख उघडतात, जणू वेगळाच पक्षी! तिचं दुसरं मराठी नाव वंचक, म्हणजे फसवणारा. हे नाव ठेवणाऱ्याच्या पायाजवळून ती कधीतरी अशीच उडाली असेल. फोटो हवा असेल तर उडण्याची वाट बघत १/२००० वर थांबा आणि गुडघ्यांवर कोपरं टेकून तिच्याइतकंच स्थिर बसा.

१२. पहाटे कोकिळा गाते तिचा फोटो काढला, पण तुम्ही म्हणता हा नर आहे?

हो. ‘कुहू’ म्हणतो तो नर कोकीळ: काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. कोकिळा तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज ‘किक-किक-किक’ असा घाईचा. गोड गळ्याच्या गायिकेला आपण गानकोकिळा म्हणतो आणि म्हणत राहू, भाषेत ते पक्कं बसलंय. पण जुन्या कवींना खरं माहीत होतं. कुमारसंभवात वसंत येतो तेव्हा कालिदास ‘पुंस्कोकिल’ गातो असं लिहितो, म्हणजे स्पष्ट नर.

कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि पिल्लू कावळेच वाढवतात. म्हणूनच संस्कृतात तिला परभृत, दुसऱ्याने पोसलेली, म्हणतात. उन्हाळ्यात कावळ्याच्या घरट्यावर लक्ष ठेवलंत तर कावळीण एका ठिपक्याठिपक्यांच्या पिल्लाला भरवताना दिसेल. फोटो लांबून घ्या, कारण कळण्यासाठी प्रश्न १७ वाचा.

१३. चातक आणि पावशा एकच का? ‘चातकासारखी वाट बघणे’ यातला कोणता?

दोन वेगळे पक्षी, दोघेही कोकिळेच्या कुळातले.

वाट बघणारा तो चातक. वरून काळा, खालून पांढरा, डोक्यावर टोकदार तुरा. मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून येतो आणि आपल्याकडे मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला, पावसाच्या थोडा आधी दिसू लागतो. तो फक्त पावसाचे थेंब पितो ही कविकल्पना. तो केसाळ सुरवंट खातो आणि अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. पण तो दिसला की पाऊस येतो हे शेतकऱ्याने बरोबर हेरलं होतं.

पावशा दिसायला शिकरा या छोट्या शिकारी पक्ष्यासारखा. येऊरच्या कडेला मार्चपासून, कधी कधी रात्रीसुद्धा, चढत्या पट्टीत ओरडत असतो: ‘पेरते व्हा, पेरते व्हा’. इंग्रजांना याच आवाजात ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आलं, हिंदीत ‘पी कहाँ’. एकच आवाज, पण तापाने बेजार झालेल्या साहेबाने ताप ऐकला, विरहिणीने प्रियकर ऐकला आणि आपल्या माणसाने पेरणी ऐकली. हे मला फार मोलाचं वाटतं.

१४. ‘टिटवीदेखील समुद्र आटविते’ ही गोष्ट काय आहे?

पंचतंत्रातली. समुद्राने टिटवीची अंडी ओढून नेली. नर म्हणाला, चोचीने समुद्र आटवीन. बायकोने वेड्यात काढलं. मग सगळे पक्षी गरुडाकडे गेले, गरुड विष्णूकडे, आणि समुद्राला अंडी परत द्यावी लागली. म्हणजे एकट्या टिटवीने काही आटवलं नाही, तिने सगळ्यांना उभं केलं. जिद्दीबरोबर ही बाजूही म्हणीत आहे, ती विसरली जाते.

टिटवी खरोखरच उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते. नवी मुंबईतल्या मोकळ्या प्लॉटवर तुम्ही पाय टाकलात आणि ती डोक्यावर घिरट्या घालत किंचाळायला लागली तर तिथेच थांबा, खाली बघा आणि आल्या पावली मागे फिरा. अंडी खड्यांसारखीच दिसतात, पायाखाली येतात.

१५. ‘घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिलांपाशी’ कोणाचं? आणि घारीचा उडता फोटो कसा काढू?

मूळ संत जनाबाईंच्या अभंगात, पण तिथे ओळी वेगळ्या आहेत. घारीच्या ओळीत ती पिल्लांपाशी झाप घालते. ‘चित्त तिचें बाळापाशीं’ हे पुढच्या ओळीत, कामात गुंतलेल्या आईबद्दल आहे. लोकांच्या तोंडी दोन्ही ओळी एक झाल्या आणि आईचं चित्त घारीला मिळालं. मला दोन्ही रूपं आवडतात, पण जनाबाईंचं ‘झाप’ बघितल्याशिवाय कळत नाही. घार घिरट्या घालत असते, आणि एकाएकी पंख मुडपून दगडासारखी खाली येते.

फोटोसाठी १/२०००, सलग फोकस, आणि आकाश पांढरं असेल तर +१ (कारण प्रश्न ५ मध्ये). घार गोल फिरत असते. ती तुमच्याकडे तोंड करून वळते त्या चतकोरातच बटण दाबा.

१६. ‘चिमणीच्या दातांनी’ का म्हणतात? चिमणीला दात कुठे असतात?

नसतातच, म्हणून तर! पेरू किंवा लिमलेटची गोळी फ्रॉकच्या टोकात धरून चावायची, म्हणजे थुंकी लागत नाही आणि अर्धा वाटा मैत्रिणीला देता येतो. तोंड न लावता तोडणारे दात चिमणीचे. चिमणी दाणा चोचीत फिरवून टरफल बाजूला टाकते, तो फोटो जवळून बघितलात तर अगदी तसंच दिसतं: तोडलं, पण उष्टं केलं नाही.

चिमण्या कुठे गेल्या, हेही नेहमी विचारतात. त्यांना घरटं करायला भोक लागतं: कौलाखाली, वाशाशी, फोटोफ्रेममागे. गुळगुळीत टॉवरमध्ये ते नाही. पिल्लांना लागतात किडे, तेही कमी झाले. ठाण्यात जांभळी नाक्याला धान्याच्या दुकानांशी जाऊन उभं राहा, तिथे दिसतील.

१७. आमच्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलंय. रोज एक फोटो काढला तर चालेल ना?

कृपा करून काढू नका. पहिल्याच वर्षी माझ्या कुंडीत बुलबुलाचं घरटं होतं, तीन गुलाबी अंडी, तपकिरी ठिपक्यांची. फोटोत एक पान आड येत होतं. मी ते दोऱ्याने मागे बांधलं, फोटो काढला आणि दोरा सोडायचा विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी घरटं रिकामं. कठड्यावर कावळा होता. ते पान बुलबुलाने उगाच निवडलं नव्हतं. तो फोटो मी कुणालाच पाठवला नाही.

बुलबुलाची अंडी दोन आठवड्यांच्या आत उबतात आणि त्यानंतर साधारण तेवढ्याच दिवसांत पिल्लं उडतात. तेवढे दिवस त्या कुंडीला पाणीही लांबून घाला. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार पक्ष्यांची अंडी किंवा घरटी नासवणं, त्यांना धक्का लावणं शिकारीच्या व्याख्येत येतं. पिल्लं उडून गेली की घरट्याचा हवा तेवढा फोटो काढा.

१८. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावता येतो म्हणे. आणि रात्री पिंगळ्यावर (लहान घुबडावर) फ्लॅश मारला तर?

दोन्ही नको. आवाज ऐकून पक्ष्याला वाटतं, हद्दीत दुसरा नर आला. तो खाणं, पिल्लं सोडून भांडायला येतो. पिंगळ्याचे डोळे अंधाराला सरावलेले असतात, फ्लॅशने तो काही काळ आंधळा होतो. तो तिन्हीसांजेला ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतो, तेव्हाचा उजेड पुरतो. पहाटे दारोदार फिरून भविष्य सांगणारे पिंगळा जोशी याच पक्ष्याच्या नावाचे. त्यांना पिंगळ्याची भाषा कळते अशी श्रद्धा होती. अशुभ म्हणून त्याला हाकलणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

१९. शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यातल्या पोपटाचा फोटो ‘पोपटपंची’साठी चालेल?

नाही. आपला रानटी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. अर्थ न कळता घडाघडा बोलणं म्हणजे पोपटपंची, आणि हा शब्दही पिंजऱ्यातल्या पोपटावरूनच आला. मोकळा पोपट माणसाची नक्कल करायला जात नाही. संध्याकाळी झाडावर परतणाऱ्या थव्याचा फोटो काढा.

२०. पिल्लू खाली पडलंय, काय करू?

पिसं फुटलेलं, उड्या मारणारं असेल तर ते उडायला शिकतंय, आईबाप जवळच आहेत. मांजरापासून दूर, जवळच्या झुडपात ठेवा. पिसं नसतील आणि घरटं दिसत असेल तर परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकत नाहीत. जखमी असेल, किंवा संक्रांतीच्या सुमारास पतंगाच्या मांज्यात अडकलेला पक्षी असेल, तर भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी घालू नका, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

२१. पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते. उपाय?

हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक स्वस्त आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० च्या मधे. एसी खोलीतून कॅमेरा थेट बाल्कनीत नेऊ नका, काचेवर दव धरतं. पिशवीतच अर्धा तास बाहेर राहू द्या. कपाटात कपड्यांमध्ये कॅमेरा ठेवणं सर्वांत वाईट.

२२. सीवूड्सच्या फ्लेमिंगोंच्या फोटोखाली ‘नीरक्षीरविवेक’ लिहिलं तर चुकेल का? ते राजहंस नाहीत ना?

राजहंस नाहीत, रोहित आहेत, म्हणजे लालसर. रंग खाण्यातून येतो. नीरक्षीरविवेक हंसाचा. आणि हंससुद्धा दूध-पाणी वेगळं करू शकत नाही, ती विवेकाची प्रतिमा आहे. तरी मी स्वतः एकदा हीच ओळ लिहिली होती आणि तिच्या बाजूने मला एक सांगायचंय. रोहित चोच उलटी करून गढूळ पाण्यात घालतो. चोचीच्या आत बारीक चाळणी असते. जिभेने पाणी आत-बाहेर ढकलत तो शेवाळ गाळून घेतो आणि चिखलपाणी सोडून देतो. मिसळलेल्यातून हवं तेवढंच निवडणारा पक्षी आपल्याच खाडीत आहे! फोटोखाली ‘रोहित’ एवढं स्पष्ट लिहा आणि मग म्हण खुशाल द्या.

ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा) दर्जा मिळाला. रोहित इथे साधारण नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत असतात. ओहोटीला खाडीच्या चिखलावर पसरलेले असतात, तेव्हा काठावरून फार लांब दिसतात. भरतीचं पाणी चिखल झाकू लागलं की थवे उठतात आणि नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर उतरतात. म्हणून आदल्या रात्री भरतीची वेळ बघा, तिच्या दोन तास आधी पोहोचा, ऊन पाठीशी राहील अशी जागा धरा आणि बसून राहा.